मामाची फेकायची सुई

ज्या माणसाने जन्मात कधी जळकी काडीसुद्धा फेकली नाही, त्याच माणसाने आख्ख्या अंधेरीत सगळ्यांच्या आधी फेकून द्यायची वस्तू बनवायला घेतली, आणि तो माणूस म्हणजे आमच्या मालकीणबाईंचा भाऊ. देवाला कधी हसायची लहर येते का असं मला कुणी विचारलं ना, तर मी सरळ मरोळच्या गावठाणाकडे बोट दाखवीन.

मी लग्न होऊन आले तेव्हा अठराची होते, शाळा पाचवीतच सुटलेली, दुष्काळाच्या पुढच्या वर्षी माण तालुक्यातून उठून थेट मरोळला. आमचे हे एमआयडीसीत लेथवर होते. मालकीणबाई ख्रिश्चन, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायच्या, त्यांच्या घराच्या पाठीमागे तीन खोल्या होत्या, त्यातली एक आमची. मला सगळ्याचीच भीती वाटायची. स्टो भडकेल, नळाचं पाणी जाईल, हे घरी येणारच नाहीत, असं दिवसभर. वरून विमान गेलं की मी फळीवरची भांडी दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. पहिल्यांदा मालकीणबाईंच्या भावाने मला तसं बघितलं आणि ते आत आले, त्यांनी पण एक पातेलं धरलं. विमान गेल्यावर म्हणाले, "आता सोडलंस तरी चालंल गो. पायलट माझ्या ओळखीचा नाय, पण माणूस बरा वाटतो." त्या दिवसापासून ते माझे मामा झाले. तसे ते सगळ्या भाडेकरूंचेच मामा, पण मी म्हणेन की माझे जरा जास्त.

मामांच्या खोलीत माणूस शिरायला जागा नव्हती. मिठाईच्या पुड्याचा दोरा, फुलांच्या पुडीचा दोरा, पोत्याची सुतळी, सगळं गाठी मारून मारून त्यांनी एक गोळा केलेला, तो नारळापेक्षा मोठा होता. साबणाच्या चिपा एकाला एक चिकटवून लाल, हिरवा, पांढरा असा एक धोंडा केलेला आणि त्यानेच आंघोळ, त्यामुळे त्यांच्या अंगाला रोज वेगळाच वास यायचा. जळकी काडी डबीत परत ठेवायचे, एका स्टोवरून दुसरा पेटवायला. छत्रीच्या काड्यांवर वाल चढवलेले. एका दांडीचा चष्मा होता, दुसऱ्या दांडीच्या जागी दोरा, आणि तुटलेली दांडी पण जपून ठेवलेली, कारण "कवा तरी हीच दांडी उरलेल्या दांडीला लागंल." म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. एकदा मालकीणबाईंनी त्यांची फाटकी चप्पल शेवग्यामागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकली, तर मामा खड्ड्यात उतरले आणि एकच चप्पल घेऊन वर आले.

"दुसरी?" मालकीणबाई कमरेवर हात ठेवून.

"दुसरी खरंच फाटलीय. ही डाव्या पायाची चांगली हाय."

"आणि उजव्या पायात काय घालशील, माझं डोकं?"

"तुझं डोकं मोठं पडंल मला," मामा म्हणाले आणि चप्पल धुवायला बसले.

आणि असा माणूस सुया बनवायचा! इंजेक्शनच्या, प्लास्टिकच्या, एकदा टोचायची आणि फेकायची, म्हणजे नळीसकट आख्खी पिचकारीच, पण आम्ही सगळे सुईच म्हणायचो. तेव्हा सगळीकडे काचेची सुई असायची, दवाखान्यात स्टोवर पत्र्याच्या डब्यात खदखद उकळत असायची आणि तीच आख्ख्या रांगेला. मामांनी मागच्या, भात साठवायच्या खोलीत एक हातमशीन आणून बसवलेलं. वरून प्लास्टिकचे दाणे ओतायचे, ते तापले की मोठा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचा, आणि साच्यातून नळी बाहेर पडायची, गरम गरम, पारदर्शक. मग दट्ट्या, मग टोकाला रबर, मग नळीवर आकडे छापायचे. टोचायची सुई बाहेरून विकत आणायची. एकेक वेगळ्या प्लास्टिकच्या पुडीत घालून पुडीची तोंडं मेणबत्तीवर चिकटवायची आणि पेट्या भरल्या की जंतू मारून आणायला टेम्पोने दुसरीकडे पाठवायच्या. मला दुपारी काम नसायचं, म्हणून मी दट्ट्या घालायला बसायची. मामांनी मला एकच शिकवलं होतं, की टोकावर बोट धरून दट्ट्या ओढ, सोडला की त्याने झटकन मागे जायला पाहिजे. "नाय गेला तर वारा खातोय. वारा खाणारी नापास."

पण नापास झालेली फेकायची कुठे? मामा आणि फेकणार! सगळ्या नापास सुया घरात. दाराच्या बिजागरीला तेल सुईने, कुंडीतल्या तुळशीला पाणी सुईने, थेंब थेंब, ती तुळस पण आमची हो, पण मामा म्हणायचे झाडाला धर्म कळत नाय, तहान कळते. नाताळच्या केकवर मालकीणबाई नापास सुईतूनच साखरेची फुलं काढायच्या. एक खारीचं पिल्लू नारळावरून पडलं त्याला मामांनी सुईने दूध पाजलं, आणि ते मोठं होऊन त्यांचाच दोऱ्याचा गोळा कुरतडायला लागलं. पहिल्या खेपेत तर छापायच्या आकड्यांत घोळ होऊन पाचाचा आकडा उलटा छापला गेला, त्या शंभरभर सुया गावठाणातल्या प्रत्येक घरात होत्या. माझ्याकडे सात होत्या. शिवणयंत्राला, कंदिलाला, आणि उरलेल्या उगाच.

खरी गंमत बाजारात. मामा कोट घालून पेटी घेऊन चकाला, मरोळ नाका, पार अंधेरी स्टेशनपर्यंत एकेक दवाखाना पालथा घालायचे. डॉक्टर हसायचे. एक म्हणाले, "अहो, माझी काचेची सुई सात वर्षं चालतेय, आणि तुम्ही मला एकदाच वापरायची देताय? मला काय वेड लागलंय?" दुसऱ्यांनी नमुना ठेवून घेतला. मामा एवढे खूश की येताना बोंबलांचा वाटा घेऊन आले. आठ दिवसांनी विचारायला गेले तर डॉक्टरच चिडलेले. "तुमचा माल एकदम कच्चा आहे. उकळला की वाकतो." कंपाऊंडरने ती फेकायची सुई रोज काचेच्या सुयांबरोबर उकळत ठेवलेली! मामा ती वाकडी सुई रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि आम्ही सगळे भोवती उभे, जसं काही घरातलंच कुणी गेलंय. वांग्यासारखी वाकलेली. मालकीणबाई म्हणाल्या, "पुरायची का आता हिला?" मामा नाही हसले. म्हणाले, "लोकांना फेकायला कोण शिकवणार गो?"

"तू शिकव," बाई म्हणाल्या. "तुझा हात बसलाय ना फेकण्यात!"

आणखी एक सवय सांगायची राहिली. गावठाणातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक जण होता, पंचविशीच्या पुढचा, डावा पाय ओढत चालणारा, मिरवणुकीत नेहमी बँडच्या मागे पडायचा. तो आमच्या दारावरून गेला की मामा उठून उभे राहायचे. हातात काही असू दे, मशीनचा दांडा अर्ध्यावर ओढलेला असू दे. तो मान डोलवायचा, हे मान डोलवायचे, तो गेला की मग खाली बसायचे. मला वाटायचं, नातं असेल काहीतरी.

मग बेबी झाली. आणि आठव्या महिन्यात बेबीची छाती भरली.

लेकरू कुईं कुईं करायचं, बरगड्या आत जायच्या, मी रात्रंदिवस तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. डॉक्टरांनी दहा दिवस दहा इंजेक्शनं सांगितली, रोज एक. दवाखान्यातल्या त्या डब्यातली सुई मला नको होती, माझ्या बहिणीच्या पोराला तशीच टोचून गळू झालेलं, पोर महिनाभर पालथं झोपलेलं. मामांना कळलं. ते पास झालेल्या पेटीतून दहा सुया काढून घेऊन आले, बंद पुड्या, आणि सोबत त्यांच्या आईचा सुपारीचा अडकित्ता.

"रोज एक न्यायची. टोचून झाली की घरी आणून अडकित्त्यात धरायची आणि कट्. तुकडे मला दाखवायचे. मोडल्याशिवाय फेकायची नाय, नायतर कोणतरी उचलून धुवून परत वापरंल. कळलं?"

"कळलं मामा."

काय कळलं होतं मला! पहिल्या दिवशी टोचून झाल्यावर कंपाऊंडरच म्हणाला, "एवढी नवी कोरी सुई, फेकू नकोस हां वहिनी, उकळून आण उद्या." मी घरी आले, अडकित्ता हातात घेतला, आणि माझा हातच चालेना. चांगली वस्तू हो! आमच्याकडे दुष्काळात फुटक्या मडक्याची खापरी पण जपून ठेवलेली आम्ही. आणि ही तर दोन मिनिटं वापरलेली, मामांनी दांडा ओढून ओढून केलेली. मी विचार केला, एकीतच भागवलं तर नऊ उरतील, पुढच्या आजारपणाला होतील, बहिणीच्या पोरांना होतील. म्हणून उकळली. तर ती पण वाकली! मग दुसऱ्या दिवशी दुसरी काढली आणि ती मात्र उकळली नाही, नुसती कोमट पाण्याने धुतली आणि पुडीत घालून ठेवली. तिसऱ्या दिवशी तीच. चौथ्या दिवशी तीच. आणि मामांना दाखवायला रोज संध्याकाळी माझ्याकडच्या नापास सुयांतली एक कट् करून तुकडे घेऊन जायची. मामा तुकडे बघायचे, "शाब्बास" म्हणायचे. आठ चांगल्या सुया तांदळाच्या डब्यात खाली दडवलेल्या, आणि मला वाटायचं मी किती हुशार.

पाचव्या दिवशी सकाळी बेबीची मांडी लाल. हात लावू देईना. दुपारपर्यंत लिंबाएवढी गाठ आणि ताप असा की कपाळावर भाकरी भाजावी. हे कामावर गेलेले. मी अंगणात येऊन नुसती ओरडायला लागले, काय ओरडत होते मला माहीत नाही. मालकीणबाईंनी बेबीला घेतलं, मामांनी रिक्षा आणली.

डॉक्टरांनी गळू कापलं. म्हणाले, ताप उतरेल, पण गळू अवघड जागी पिकलंय, पायावर लक्ष ठेवा, आणि उरलेली इंजेक्शनं द्यायलाच पाहिजेत, वर आणखी दोन, म्हणजे आता आठ दिवस, दुसऱ्या मांडीत.

घरी आल्यावर मामा ओट्यावर बसले. त्यांच्या हातात मी चार दिवस दाखवलेले तुकडे होते, अर्थातच त्यांनी ते फेकले नव्हते. एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा उलटा पाच माझ्या पहिल्या खेपेतला हाय ना गो?"

मी सगळं सांगितलं. रडत, श्वास न घेता, कोमट पाणी, पुडी, तांदळाचा डबा. मला वाटलं आता हा माणूस मला घराबाहेर काढणार. मालकीणबाईंनी तोंडावर हात घेतला, "सायबा माझ्या!" मामांनी मात्र एवढंच विचारलं, "कोमटच होतं ना पाणी?"

"हो."

"हं." त्यांनी तुकडे ओट्यावर ओळीने लावले. मग, "किती उरल्यात?"

"आठ."

"आठच लागणार. उद्यापास्नं तुझ्याच्याने मोडवेल?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "मामा, मला नाही वाटत माझा हात चालेल. मेली सवयच नाही."

"मला पण नाय सवय. मी कवा काय फेकलंय?" ते उठले. "मग असं करू. तू एक मोड, मी एक फेकतो."

मालकीणबाई म्हणाल्या, "तू? फेकणार?" आणि स्टुलावर बसल्याच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर मी शेवग्याखाली उभी राहिले, एका हातात अडकित्ता, एका हातात सुई. समोर मामा, पोटाशी दोऱ्याचा गोळा धरून. आख्खं अंगण जमलेलं. मामा म्हणाले, "चल, एक, दोन." मी डोळे मिटले. कट्! डोळे उघडले तर मामांचे डोळे मिटलेले, आणि गोळा अजून पोटाशीच.

"टाक की रे!" मालकीणबाई ओरडल्या. "पोरीने मोडली, तू काय बाळंतपण करतोस?"

मामांनी टाकला. खड्ड्यात धप् आवाज झाला. त्यांनी तोंड फिरवलं आणि आत निघून गेले, जेवले पण नाहीत त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी साबणाचा धोंडा. मग डाव्या पायाची चप्पल. मग छत्रीच्या काड्या, त्या वालासकट उपटून आणल्या आणि वाल मात्र भाजीला दिले. मग चष्म्याची दांडी. मग वाकडे खिळे. मग जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा, तो टाकताना एकेक महिना बघत होते. रोज माझी कट् आणि त्यांची धप्. बेबीचा ताप उतरला. ती हसायला लागली. पण ती पाय आखडून धरायची, टेकवायचीच नाही, आणि मी रोज तो पाय हातात घेऊन बसायची आणि विचार करायची, हिने उद्या विचारलं तर काय सांगू?

आठव्या दिवशी मामा एक छोटी स्टीलची डबी घेऊन आले. उघडली. आत काचेची सुई होती, रुमालात.

म्हणाले, "मी आधी कंपाऊंडर होतो गो, इथल्याच एका दवाखान्यात. उकळायचं काम माझं. एका दिवशी रांग ही एवढी, आणि स्टोतलं रॉकेल संपलेलं. पाणी कोमटच होतं. म्हटलं, चालतंय." डबीच्या काठावरून बोट फिरवलं. "सहा वर्षांचा होता तो तेव्हा. आता ट्रम्पेट वाजवतो."

मालकीणबाई दुसरीकडे बघत होत्या, त्यांना माहीत होतं.

"त्याला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"ठाऊक हाय. कवा काय बोलला नाय मला. बोलला असता तर बरं झालं असतं." मग डबी माझ्यापुढे धरली. "ही फेकू का?"

मला विचारलं त्यांनी, पाचवी शिकलेल्या मला. मी म्हटलं, "नको मामा. ही ठेवा. आजची मी तशीच मोडते." आणि मोडली. त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

आता तुम्हाला वाटेल मामा सुधारले. कसले सुधारतात! पंधरा दिवसांनी मी त्यांच्या खोलीत साखर मागायला गेले, तर खिडकीत दोऱ्याचा गोळा, धुतलेला, वाळत घातलेला. खाली साबणाचा धोंडा. चप्पल. खिळे. सगळं रोज सकाळी उठून खड्ड्यातून परत आणलेलं! मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं. मी म्हटलं, "साखर द्या ना वाटीभर." ते म्हणाले, "देतो." खड्ड्यात फक्त सुयांचेच तुकडे राहिले होते.

बेबी दीड वर्षाची होईपर्यंत उभीच राहिली नाही. मग एका दुपारी मशीनच्या खोलीत दांड्याला धरून उभी राहिली आणि तीन पावलं टाकली, आणि मामांनी मशीन बंद केलं ते दिवसभर लावलंच नाही.

मग यांची नोकरी मुलुंडला लागली आणि आम्ही तिकडे खोली घेतली. आता सगळीकडे प्लास्टिकच्या सुया मिळायला लागल्यात, मोठ्या कारखान्यांच्या, मोठ्या मशीनवरच्या, छान चकचकीत. हातमशीनचं कोण घेणार? मामांच्या भाताच्या खोलीत आता कुणी बटणं बनवतं. मी म्हटलं, "मामा, तुमचं खरं झालं, आता सगळे फेकतात." म्हणाले, "हां, पण मोडत नाय गो." अडकित्ता माझ्याकडेच आहे, मुलुंडच्या दवाखान्यात मी पिशवीतून काढला की कंपाऊंडर हसतो. हसू दे.

मामांना हल्ली दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत, जुनी वस्तू काढून टाकायची म्हटलं की त्यांचं आपलं तेच. आम्ही गेलो की ओट्यावर, आता उशीएवढ्या झालेल्या दोऱ्याच्या गोळ्याला टेकून बसलेले असतात. बेबी पहिलीत आहे, पायांत पैंजण आहेत, मालकीणबाईंनी दिलेले. मामा तिला आधी खाऊ देत नाहीत. म्हणतात, "चाल बघू जरा, शेवग्यापर्यंत."

ती जाते. छुम छुम, छुम छुम. मामा मान वाकडी करून ऐकतात.

"आता परत ये."

ती येते. विमान गेलं तर मामा हात वर करून तिला थांबवतात, आवाज जाऊ देतात, मग पुन्हा चालायला लावतात. मी तिथेच उभी असते, हातात काही धरलेलं नसतं, पण दम रोखलेला असतो, दर वेळी.

मग मामा म्हणतात, "सारखेच वाजतात गो. दोन्ही पाय सारखेच वाजतात."

आणि मग म्हणतात, "एकदा अजून चाल."